पालथेपणाचे दप्तर

सांप्रत अपत्यसंगोपनाच्या मुलखात दोन हुकूम एकाच वेळी अमलात आहेत. निजलेले मूल उताणेच असले पाहिजे, हा पहिला. आणि जागे असलेले मूल दिवसातून काही काळ पालथे घातलेच पाहिजे, हा दुसरा. दोन्ही हुकूम शास्त्रशुद्ध आहेत, दोहोंच्या पाठीशी मोठमोठ्या वैद्यकीय संस्था उभ्या आहेत. परंतु ज्या इसमावर त्यांची तामिली व्हायची तो अवघा दीड महिन्याचा आणि अक्षरशत्रू असल्यामुळे, निजणे कोठे संपते व जागणे कोठे सुरू होते याविषयी त्याची स्वतंत्र मते असू शकतात, हा तपशील मात्र कोणत्याही परिपत्रकात आढळत नाही.

या हुकुमांमागे थोडा इतिहास आहे. बेंजामिन स्पॉक या अमेरिकन बालवैद्याचे १९४६ साली निघालेले शिशुसंगोपनाचे पुस्तक म्हणजे तिकडच्या मातांचे धर्मशास्त्रच होऊन बसले होते. त्याच्या १९५८ च्या आवृत्तीत मुलाला पालथे निजवणे बरे, असा सल्ला होता. कारण उताणे मूल झोपेत ओकले तर ती ओकारी त्याच्या घशात अडकेल, असे भय. भय तर्कसंगत होते. फक्त खरे नव्हते. पुढे निरनिराळ्या देशांतील नोंदी ताडून पाहता, निद्रेतच अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांत पालथी निजवलेली मुले फार असतात असे उघडकीस आले, १९९२ साली अमेरिकेतील बालवैद्यांच्या अकादमीने पालथे निजवू नका असे बजावले, १९९४ पासून उताणे निजवण्याची मोहीम देशभर निघाली, आणि त्या देशातील असे मृत्यू काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. येथवर विनोदाला जागा नाही. औषधाचा एक थेंब न खर्चता, निव्वळ एका सूचनेने इतके जीव वाचल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासातही विरळाच. जागा होते ती यानंतर. कारण रात्र उताणी काढून पुन्हा दिवसही उताणाच काढणाऱ्या त्या सुरक्षित पिढीची डोकी मागून चपटी होऊ लागली, मानेला व खांद्यांना मेहनतीची सवय राहिली नाही, आणि म्हणून निद्रेत जे निषिद्ध ठरले तेच जागेपणी विहित ठरवणारा दुसरा हुकूम जारी करावा लागला.

आपल्याकडे मुलाला पालथे निजवण्याची वहिवाट फारशी नव्हतीच. पाळण्यात काय किंवा झोळीत काय, मूल उताणेच घातले जाते, त्याने वरच्या चिमणाळ्याकडे पाहत हातपाय झाडावेत आणि झाडता झाडता झोपावे, अशी एकंदर व्यवस्था. अशाने डोके चपटे पडते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही अकादमीच्या आधीपासून ठाऊक होते आणि त्यावर त्यांनी मोहरीची उशीही योजली होती. डोके वळेल तशी आतली मोहरी सरकते आणि डोक्याला गोल खळगा मिळतो, असे तिचे तंत्र. आता तीही गेली. अर्भकाच्या बिछान्यात उशी म्हणून काही ठेवूच नये, असा आणखी एक हुकूम सुटलेला आहे. माझ्या ताईला ही वार्ता सांगण्यात आली तेव्हा तिने आपल्या तिन्ही अपत्यांकडे, म्हणजे दोन टक्कल पडू लागलेले चिरंजीव व एक बाळंतीण कन्या यांच्याकडे, अंगुलिनिर्देश केला आणि म्हणाली, “यांची डोकी बघ. आतलं देव जाणे. बाहेरून तरी गोल आहेत ना?”

ही बाळंतीण कन्या म्हणजे माझी भाची. पहिल्या बाळंतपणासाठी ती पुण्याला माहेरी आली, आणि आमच्या मेहुण्यांच्या निवृत्त आयुष्याला नवा अर्थ प्राप्त झाला. मेहुणे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांच्या हालचाली, बैठक व निद्रा यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अद्याप आपले आपण सरकता न येणाऱ्या मुलाला जागेपणी, दिवसभरात थोडेथोडे मिळून, निदान तीस मिनिटे पालथे ठेवावे असे सांगितले आहे. यातील ‘थोडेथोडे मिळून’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. डॉक्टरही सुरुवातीला दोनतीन वेळा तीनपाच मिनिटे पुरे, असेच सांगतात. परंतु महसूल खात्यात हयात घालवलेल्या मनुष्याला मुदत आणि रक्कम एवढेच ऐकू येते. त्याच सायंकाळी दोनशे पानी वही आली, तीवर हळदकुंकू वाहिले गेले, आणि तांबड्या शाईने रकाने आखले गेले: अनुक्रमांक, प्रारंभ, समाप्ती, एकूण अवधी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यातील पहिल्या पानावरील नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत. ‘रडला.’ ‘रडला.’ ‘ओकला.’ ‘रडला (विहीणबाई समक्ष).’ ‘रडला.’

इकडे जावईबापू शनिवार-रविवारी मुंबईहून येत आणि आपल्या मोबाईलवर स्वतंत्र हिशेब ठेवीत. दोन हिशेबांची रुजुवात होईना, तेव्हा मूळ मतभेद बाहेर पडला: मूल ज्या क्षणी रडू लागले तेथे मोजणी थांबवावी, की ज्या क्षणी उचलले तेथे? जावयांचे म्हणणे असे की, आक्रोशाची मिनिटे व्यायामात धरणे ही आत्मवंचना आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की, खातेदार रडला म्हणून सारा माफ होत नसतो. शेवटी रडण्याची मिनिटे कच्च्या नोंदीत धरावीत व पक्क्या खर्ड्यात निम्मी जमा करावीत, असा तोडगा निघाला, आणि त्या हिशेबाने आठवड्याअखेर त्या अर्भकाच्या नावे जवळजवळ पाऊण तासाची थकबाकी निघाली. थकबाकी सोमवारी ओढून घेण्याचा मेहुण्यांचा विचार होता. भाचीने मूल पदराखाली घेतले आणि वसुली तहकूब झाली.

आता प्रत्यक्ष खातेदाराची बाजू पाहिली पाहिजे. नवजात अर्भकाच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा निव्वळ डोक्याचा असतो. प्रौढ मनुष्यात हेच प्रमाण एक अष्टमांशाच्या आसपास येते (सार्वजनिक जीवनातील काही व्यक्तींच्या बाबतीत ते आणखी खाली जात असावे). एवढे मोठे शिर, ते पेलणारी मान बोटाएवढ्या बळाची, आणि खाली सतरंजी. पालथे घातल्याबरोबर आमचे बाळराजे प्रथम तोंड एका बाजूस वळवून नाक मोकळे करून घेत. ही अक्कल मूल उपजतच घेऊन येते. मग क्षणभर शांतता. मग भुवया वर जात. डोके उचलण्याची सुरुवात भुवयांपासून होते, हे मला प्रथमच कळले. कपाळाला तीन आठ्या पडत, कान लाल होत, आणि मग ते भले थोरले मस्तक लटपटत, डुलत, जमिनीपासून चार अंगुळे वर येई. त्या उंचीवरून खुर्चीचा एक पाय दिसे. तो त्यांनी डोळे विस्फारून पाहावा, पाहता पाहता हनुवटीवरून लाळेची तार सतरंजीला टेकावी, आणि मग सारे बळ एकदम संपून नाक त्याच लाळेत आपटावे. त्यानंतर जो टाहो फुटे तो मेहुण्यांनी शेऱ्यात नोंदलेलाच आहे.

मुलाला पालथे घालून आपण उभे राहू नये, त्याच्या दृष्टीच्या पातळीवर जावे, असा यावर डॉक्टरांचा सल्ला आहे, आणि तो अगदी रास्त आहे; फक्त तो देताना त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील एक आई आणि एक मूल असते, पेठेतील बिऱ्हाड नसते. एका रविवारी मी गेलो तेव्हा बैठकीच्या खोलीत मधोमध एक अर्भक पालथे होते, आणि त्याच्या चहूबाजूंनी तोंडे आत करून चार प्रौढ माणसे पालथी पडलेली होती. भाचीच्या हाती काळ्या-पांढऱ्या चित्रांचे तक्ते, जावयांच्या हाती आरसा, विहीणबाईंच्या हाती खुळखुळा, आणि मेहुणे, ज्यांच्या हाती वही असल्यामुळे दुसरे काही धरता येत नव्हते, ते नुसतेच जिभेने टाळ्यावर घोड्याच्या टापा वाजवीत होते. मूल रडत नव्हते. मान उचलून ते या चौघांकडे आळीपाळीने पाहत होते, आणि त्याच्या मुद्रेवर जी उत्सुकता होती ती खुर्चीच्या पायाकडे पाहतानाच्या उत्सुकतेहून निराळी होती असे मला तरी म्हणवत नाही. सल्ला रास्त होता, हे यावरून सिद्ध झाले. अडचण पुढे आली. मूल उचलल्यावर तिघे उठले आणि मेहुणे उठेनात. त्यांनी प्रथम कुशीवर वळण्याचा प्रयत्न केला. एक हात अंगाखाली अडकला. तो सोडवून कोपर टेकले, कोपरावरून गुडघ्यांवर आले, तेथे काही काळ डुलत राहिले, मग दिवाणाची कड धरून उभे राहिले आणि धरलेले न सोडता दोन पावले टाकून बसले. त्यांचा नातू पुढल्या दहा-अकरा महिन्यांत ज्या क्रमाने उभा राहणार होता, तो संपूर्ण क्रम आम्हांस अशा रीतीने पाच मिनिटांत पाहावयास मिळाला.

या साऱ्या कारभारात रोज सकाळी दहाच्या सुमारास एक खंड पडे. तेव्हा न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशी येत. मावशींना तीस मिनिटांची वार्ता कोणी दिलेली नव्हती. त्या न्हाणीत पाटावर बसत, पाय सरळ पुढे पसरत, लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून घेत, आणि तेलाने निथळणारे ते मूल आपल्या दोन्ही नडग्यांवर उताणे घालून आधी छाती, पोट, हातपाय चोळून काढीत. मग एका हाताने त्याला सफाईने उलटवीत, की ते पालथे. त्याची हनुवटी त्यांच्या घोट्यांशी, पाय गुडघ्यांशी, आणि मानेपासून टाचांपर्यंत त्यांचा तळवा अशा दाबाने फिरत असे की मूल प्रत्येक हातासरशी मान वर करी. सतरंजीवर चार जणांच्या मिनतवारीने चार अंगुळे उठणारे डोके येथे कोणी न सांगता वीतभर उठे, आणि रडे निघे ते थेट तांब्यातले पाणी डोक्यावर आल्यावरच. मेहुण्यांनी न्हाणीच्या दाराआड उभे राहून हे पाहिले आणि ही मिनिटे पक्क्या खर्ड्यात जमा करता येतील हे त्यांच्या ध्यानी आले; परंतु नोंदीला अवधी हवा. त्यांनी अदबीने विचारले, “मावशी, साधारण किती मिनिटं पालथा ठेवता?” मावशींनी वर न पाहता उत्तर दिले, “त्याल जिरंस्तवर.” अवधीच्या रकान्यात त्या दिवशी तेच लिहिले गेले.

दप्तराच्या बाहेर आणखी एक कचेरी सतत उघडी होती, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची. मूल पाहावयास येणारा मनुष्य मूल पाहत नाही. तो आपल्या घरच्या मुलाची आठवण त्याच्या शेजारी ठेवून पाहतो. आठवणीतली मुले तर विलक्षण चपळ असतात. समोरच्या काकूंचा नातू सव्वा महिन्यात मान धरीत होता. दुसऱ्या एका गृहस्थांची नात तिसऱ्या महिन्यात बसली. आणि विहीणबाईंचे चिरंजीव, म्हणजे प्रस्तुतचे जावईबापू, आठव्या महिन्यात बिनधोक चालत होते, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की चाळिशीकडे झुकलेले ते गृहस्थ जिन्यात धापा टाकताना दिसले म्हणजे लोकांना ते चटकन आठवे. यावर खरा उतारा जागतिक आरोग्य संघटनेच्याच दुसऱ्या एका दस्तऐवजात आहे. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुलांच्या हालचाली बारकाईने नोंदून तिने २००६ साली जे कालखंड प्रसिद्ध केले, त्यांवरून आधाराविना बसणे हे ३.८ पासून ९.२ महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकते, हातागुडघ्यांवर रांगणे ५.२ पासून १३.५ पर्यंत, आणि आपले आपण चालणे ८.२ पासून तब्बल १७.६ पर्यंत. शिवाय त्या मुलांपैकी शेकडा चारांहून थोडी अधिक मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कोणी बुडावर सरकत गेली, कोणी पोटावर, आणि योग्य वेळी सगळ्यांसारखी चालू लागली. चौथा महिना उलटूनही मान लटपटत असेल, किंवा आलेली गोष्ट जात असेल, तर डॉक्टरांकडे जावे. एरवी शास्त्र जेवढे उदार आहे तेवढे शेजारी नसतात.

शिकवणीने या गोष्टी लवकर येतात काय, हाही वाद आमच्याकडे झाला, आणि त्यात मी मर्टल मॅग्रॉ या मानसशास्त्रज्ञ विदुषीचा दाखला दिला. या बाईंनी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉनी व जिमी या जुळ्या भावांवर प्रयोग केला होता. जॉनीला अर्भकावस्थेपासून रोज नाना कसरती शिकवल्या; जिमीला बराचसा पाळण्यात राहू दिला. जॉनी दीड वर्षाचा होण्यापूर्वीच पायांना चाके बांधून घसरू लागला, हे खरे. परंतु बसणे, रांगणे, चालणे ही मूळची कामे दोघांना साधारण एकाच सुमारास आली. हे ऐकून विहीणबाई जिमीच्या आईविषयी चौकशी करू लागल्या, ताईने त्या बाईला जुळे कोणी दिले असा प्रश्न केला, आणि जावयांनी चाके कोठे मिळतात ते मोबाईलवर पाहण्यास प्रारंभ केला.

चाकांचा विषय निघालाच होता, कारण बारशाला जावयांच्या कचेरीतील मित्रांनी प्लास्टिकचा, वाद्ये वाजणारा, मूल मध्ये टांगून ठेवणारा एक वॉकर आणला होता. असल्या वॉकरने मुले लवकर चालत तर नाहीतच, पण जिन्यावरून लवकर पडतात, म्हणून कॅनडा सरकारने २००४ साली त्याच्या विक्रीला व आयातीला सरसकट बंदी घातली. याउलट आपला जुना तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा हा फार विचारी पदार्थ होता. ज्याला स्वतःच्या बळावर उभे राहता येते त्यालाच तो ढकलता येई, आणि बाकीच्यांसाठी तो जागचा हलत नसे. पडण्याचे भय अर्थात त्यानेही टळत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जी मोजदाद प्रसिद्ध केली तीनुसार, चालायला लागलेली मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. हा आकडा मी मेहुण्यांच्या कानावर अद्याप घातलेला नाही. त्यांना वह्या पुरणार नाहीत.

एवढा बंदोबस्त असता, बाळराजे आपले आपण पालथे पडले ते कोणाच्याही नजरेसमोर नव्हे. गॅसचा सिलिंडर आला म्हणून सारे घर दाराशी गेले होते. परत येऊन पाहतात तो उताणे ठेवलेले मूल पालथे, छाती उचललेली, आणि आजवर जो चेहरा पालथेपणी दुःखाने विदीर्ण होत असे त्यावर परम संतोष. प्रारंभाची वेळ कोणालाच ठाऊक नसल्याने नोंद करता येईना. मेहुण्यांनी ‘सिलिंडर वेळी’ असे लिहिले. त्या क्षणापासून मात्र घरातील कारभाराची दिशाच उलटली. ज्याला पालथे घालण्यासाठी आजवर चार माणसे राबत होती, त्याला उताणे करण्यासाठी आता तीच चार माणसे राबू लागली. लंगोट बदलताना तो पालथा, काजळ घालताना पालथा, झबल्याची एक बाही चढली की दुसरीच्या आत पालथा. पुढे तर हातपाय चारही हवेत उचलून नुसत्या पोटावर तोलून राहण्याची विद्या त्याने संपादन केली आणि त्या अवस्थेत हुंकार देत राही. रात्रीची कथा निराळी. झोपेत वळावे, खालचा हात छातीखाली अडकावा, उलट वळणे अद्याप येत नसावे, आणि मध्यरात्री आळी जागी व्हावी. उताणे करून परत येईतो पुन्हा पालथा. डॉक्टरांनी सांगितले की निजवताना उताणेच निजवा, आणि दोन्हीकडे सहज वळता येऊ लागले की मग त्याचे तो पाहील. दोन्हीकडे वळता येईपर्यंतचे दिवस भाचीने कसे काढले ते तिच्या डोळ्यांखाली लिहिलेले होते. वही याच सुमारास बंद पडली. शेवटची नोंद ‘पालथाच आहे’ अशी असून समाप्तीचा रकाना कोरा आहे.

सहावा संपून सातवा लागला तेव्हा सरकणे सुरू झाले, आणि ते उलटे सुरू झाले. यात नवल नाही. हातांना पायांच्या आधी बळ येते, हात जमीन मागे लोटण्याऐवजी अंगच मागे लोटतात, आणि पुष्कळ मुले पहिला प्रवास मागच्या मागेच करतात. परंतु समोर ठेवलेला खुळखुळा जितक्या आवेशाने गाठू पाहावा तितका तो दूर जात आहे, हे पाहून त्या जिवाच्या चेहऱ्यावर जो संताप उमटे तो पाहण्यासाठी आम्ही सर्व जण जमत असू. विहीणबाई खुळखुळा आणखी पुढे करीत. तो आणखी मागे जाई. ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, “अगं, खुळखुळा त्याच्या पायाशी ठेवा, म्हणजे आपोआप पोचेल.” तसे केले. बाळराजे मागे मागे सरकत खुळखुळ्याला लागले, त्याला टाचेने बाजूस सारला, आणि तसेच दिवाणाखाली दिसेनासे झाले. मेहुण्यांना वाकवेना, म्हणून जावयांनी आत शिरून त्याला बाहेर काढले. अंगाला केराचा लेप होता, मूठ घट्ट आवळलेली होती, आणि ती सोडवली तेव्हा तीत गेल्या दिवाळीतल्या चकलीचा एक वेढा निघाला. दिवाळीत दोन्ही घरांतून डबे आले होते, म्हणून ती चकली कोणाची असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. दिवाणाखाली केरसुणी फिरत नाही हे उघड झाल्यामुळे प्रथम ताईने आणि मग विहीणबाईंनीही तो माल आपला नसल्याचे ठामपणे सांगितले. परंतु मेहुण्यांनी तो वेढा बोटांत धरून मोडला, आणि इतके महिने दिवाणाखाली काढूनही तो कटकन मोडला हे ऐकल्यावर दोघींनीही त्यावर हक्क सांगितला.